त्यांच्यासाठी ठरवलेत, पण त्यांना विचारलेत का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

एका कंपनीच्या लेखा विभागाचे प्रमुख लिहितात: "माझ्या विभागात नऊ जण आहेत. त्यांतल्या एक ज्येष्ठ सहकारी वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या आणि कामात आम्हा सर्वांपेक्षा चोख. पाच महिन्यांपूर्वी त्यांचे पती अचानक गेले. नियमाप्रमाणे मिळालेल्या पाच दिवसांना स्वतःच्या शिल्लक रजा जोडून त्या दोन आठवड्यांनी कामावर आल्या. तेव्हापासून मी त्या विषयावर त्यांच्याशी एक शब्दही बोललेलो नाही, कारण खपली निघेल अशी भीती वाटते. भार कमी व्हावा म्हणून वार्षिक लेखापरीक्षणाच्या तयारीतून मी त्यांचे नाव काढले. पतींचा पहिला स्मृतिदिन नेमका त्याच आठवड्यात येतो, हेही डोक्यात होते. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून एकाच पुरवठादाराला दोनदा पैसे गेले. ते आम्ही परत मिळवले आणि त्यांना कळूही दिले नाही. कधी त्या बैठकीत हसतात, कधी मध्येच उठून बाहेर जातात. यातले खरे कोणते ते उमगत नाही. मनुष्यबळ विभागाने मला दुःखाच्या पाच पायऱ्यांचा तक्ता पाठवला आणि 'त्या अजून चौथ्या पायरीवर दिसतात' असे सांगितले. इकडे त्यांचे काम वाटून घेणारे सहकारी कुरकुरू लागले आहेत. एक तर म्हणाला, 'माझी मावशी गेली तेव्हा मी एक दिवस रजा घेतली, तीही माझ्या खात्यातली. दुसऱ्या दिवशी जागेवर होतो.' कामगिरीचा आढावा तोंडावर आला आहे. त्या पूर्ववत व्हायला अजून किती महिने धरून चालू? आणि तोपर्यंत विभाग कसा चालवू?"

सदरलेखिकेचे उत्तर:

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्यांदा तुमची तळमळ जाणवली, दुसऱ्यांदा तुमची अडचण, आणि तिसऱ्यांदा एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. मनुष्यबळ विभाग काय म्हणतो ते पत्रात आहे, कुरकुरणारा सहकारी काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत आहे, तुम्हाला काय वाटते ते तर ओळीओळीत आहे. फक्त ज्यांच्याविषयी हे सगळे चालले आहे त्या बाईंच्या तोंडचे एकही वाक्य नाही. पाच महिन्यांत त्यांच्याविषयी किमान चार निर्णय झाले: लेखापरीक्षणातून नाव काढण्याचा, काम इतरांत वाटण्याचा, चूक झाकण्याचा आणि त्या विषयावर गप्प राहण्याचा. चारही त्यांच्या भल्यासाठी झाले आणि चारही त्यांच्या पाठीमागे झाले. तुमचा हेतू स्वच्छ आहे याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी उलथापालथ त्यांना न विचारता घडून गेली, त्यांच्या वाट्याला कार्यालयातही तेच यावे, हे तुम्हालाही नको असेल.

गप्प राहण्यापासून सुरुवात करू. विषय काढला तर खपली निघेल, या म्हणण्यात असे गृहीत धरलेले आहे की तुम्ही बोलला नाहीत तर त्यांना आठवणार नाही. पाच महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला त्याची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही, आणि खपली धरायलाही काही काळ जावा लागतो. आपल्या बोलण्याने समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आले की ते आपणच आणले असे आपल्याला वाटते. खरे तर ते सकाळपासून थोपवून धरलेले असते, आणि ते आपल्यासमोर आले याचा संकोच आपल्याला होतो. म्हणजे ही भीती त्यांच्यासाठी कमी आणि आपल्यासाठीच अधिक असते. त्यांच्या खुर्चीवरून मात्र हे मौन निराळे दिसत असणार. जेवणाच्या सुट्टीत त्या आल्या की चाललेले हसणे आवरते घेतले जाते, आणि पूर्वी टेबलाशी थांबून दोन शब्द बोलणारे विभागप्रमुख आता हातातल्या कागदांकडे पाहत पुढे निघून जातात. हे तुमच्याकडे घडतच असेल असे नाही, पण घडत नाही ना, ते एकदा पाहा.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती खरी आहे. काही जणांना कामाच्या जागी तो विषय अजिबात नको असतो. दिवसातले आठ तास तरी आपण केवळ लेखापाल असावे, कुणाच्या कीवेचा विषय नसावे, एवढ्याचसाठी ते कार्यालयात येतात. तुमच्या सहकारी यांपैकी कोणत्या, हे बाहेरून ओळखता येत नाही. ते विचारूनच कळते. 'मला इथे त्याविषयी बोलायचे नाही' हेही एक उत्तरच आहे, आणि ते मिळाले तर पुढचे मौन निदान त्यांच्या इच्छेचे असेल.

इथे थोडे स्वतःविषयी लिहिते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधनाचे काम करीत असताना माझा धाकटा भाऊ गेला. परतले त्या दिवशी माझे टेबल लख्ख पुसलेले होते. एरवी डाव्या हाताला प्रुफांची चळत असे. ती सहकाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतली होती, मला त्रास नको म्हणून. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत मी लाल पेनाचे टोपण काढत होते आणि लावत होते. माझ्या टेबलाजवळून जाताना माणसे पाय न वाजवता जात. चार वाजता आमच्यातल्या सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या बाई आल्या, एक गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "याची पहिली अकरा पानं बघून दे. मध्येच थांबावंसं वाटलं तर खूण करून ठेव, पुढचं मी बघते." त्या अकरा पानांत मी दोन ढोबळ चुका तशाच सोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्या मला दाखवल्या. राग आला नाही. उलट भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी धडधाकट माणसासारखे वागले असे वाटले. अकराच पाने का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. बहुधा प्रकरण तिथे संपत असावे.

त्या बाईंनी केले त्याच्या नेमके उलट तुमच्या विभागात झाले आहे. मानाचे काम काढून घेतले गेले, उरलेल्या कामाला कुठलीच मर्यादा आखली गेली नाही आणि चूक झाकली गेली. लेखापरीक्षणाच्या तयारीत आपण नाही, हे त्यांना कसे कळले असेल? बहुधा एखाद्या ईमेलच्या यादीत आपले नाव नाही, हे पाहून. कदाचित त्यांना सुटल्यासारखे वाटले असेल. तेही शक्य आहे. पण घरातल्या रिकाम्या संध्याकाळींशी झुंजणाऱ्या माणसाला असे एखादे किचकट, डोके गुंतवून ठेवणारे काम हाच आधार असू शकतो. शिवाय पती गेल्यावर घरात येणारा एक पगार थांबला असेल, तर आपली नोकरी शाबूत राहणे ही त्यांच्या दृष्टीने किती मोठी गोष्ट झाली असेल, याचा विचार करा. अशा वेळी महत्त्वाच्या कामातून नाव गळणे म्हणजे सहानुभूती, असा अर्थ फारसे कुणी लावत नाही. आपली किंमत उतरली, असाच लावतात.

आता दोनदा गेलेल्या पैशांविषयी. तुम्ही कळू दिले नाही असे लिहिता, पण त्या लेखापाल आहेत हे विसरता. पुरवठादाराच्या खात्याचा ताळमेळ घालताना जादा गेलेली रक्कम आणि ती परत आल्याची नोंद त्यांच्या नजरेतून सुटणे कठीण आहे. बहुधा ती दिसलीही असेल, आणि तुम्ही गप्प आहात म्हणून त्याही गप्प असतील. एवढी वर्षे चोख काम केलेल्या माणसाला आपली चूक दुसऱ्यांनी लपवली हे कळणे, चूक होण्यापेक्षा जास्त लागते. तेव्हा ते त्यांना सांगा, साध्या शब्दांत, आवाज न चढवता आणि न उतरवताही.

त्याचबरोबर हेही मान्य करा की एक थकलेला माणूस एकट्याने एकच देयक दोनदा भरू शकतो, याला तुमची व्यवस्थाही जबाबदार आहे. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजुरी द्यायची, ही बँकांमधली मेकर-चेकर पद्धत दुःखात असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी निघालेली नाही. कुणाच्याही हातून, कुठल्याही दिवशी चूक होऊ शकते म्हणून ती आहे. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक देयकाला अशी दुसरी नजर सक्तीची करा, आणि ती नऊही जणांना, तुम्हालाही, लागू करा. एकाच पुरवठादाराचा तोच देयक क्रमांक पुन्हा भरला गेला तर इशारा देण्याची सोय बऱ्याच लेखा-प्रणालींत असते. ती तुमच्याकडे चालू आहे का तेही पाहा. हे सर्वांना लावलेत तर ती शिस्त झाली. एकट्या त्यांच्या कामावर कुणाला बसवलेत तर तो पहारा होईल आणि त्यांना तो पहिल्याच दिवशी ओळखू येईल.

चुका होतात याला शारीरिक कारणेही आहेत. दुःखात झोप मोडते, एकाग्रता टिकत नाही, नुकतेच वाचलेले आकडे निसटतात. त्यात भर म्हणून अशा घरावर कागदपत्रांचा एक दुसरा धंदाच येऊन पडलेला असतो: बँकेतली खाती, विमा, वारसाच्या नोंदी, कर्ज असेल तर त्याचे हप्ते, आणि प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला दाखवून तीच हकिगत नव्याने सांगणे. ही कचेऱ्यांची कामे कामाच्या वेळातच करावी लागतात. त्या मध्येच उठून बाहेर जातात असे तुम्ही लिहिता. दर वेळी त्या रडण्यासाठीच जातात हे तुम्हाला कुणी सांगितले? कदाचित एखाद्या विमा कंपनीचा फोन असेल. पुढचे काही महिने महिन्यातल्या दोन दुपारी या कामांसाठी मोकळ्या देता आल्या, तर सांत्वनाच्या शब्दांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

'किती महिने' या तुमच्या प्रश्नाला मी आकडा देणार नाही, आणि कुणी दिला तर त्यावर विसंबू नका असेच सांगेन. मनुष्यबळ विभागाचा तो तक्ता कृपा करून खणात ठेवून द्या. नकार, संताप, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच पायऱ्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या असाध्य आजार असलेल्या रुग्णांशी बोलून. म्हणजे मुळात तो विषय स्वतःच्या मरणाला सामोरे जाणाऱ्यांचा होता. मागे राहणाऱ्यांना तो पुढे सरसकट लावला गेला. पायऱ्या ओळीने चढायच्या आणि पाचवीवर पोहोचलात की पूर्ववत झाल्याची नोंद करायची, असे दुःखाचे नसते.

मला त्याहून पटते ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेले म्हणणे. त्यांच्या मते दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतो: कधी तो गेलेल्या माणसाकडे ओढला जातो, कधी बदललेल्या आयुष्याची घडी बसवण्यात गुंततो, आणि अधूनमधून दोन्हींपासून सुट्टी घेतो. हे हेलकावे बिघाडाचे लक्षण नसून सावरण्याचीच रीत आहे. त्या बैठकीत हसतात ते खरे की बाहेर जातात ते खरे, असे तुम्ही विचारता. दोन्ही खरे आहे, आणि एकाच सकाळी दोन्ही घडले तरी त्यात विसंगती नाही. हसल्याबद्दल त्यांच्याकडे कुणी चमकून पाहू नये, एवढे मात्र सांभाळा.

पाच महिने हा काळ फार झाला असे तुमच्या मनुष्यबळ विभागाला वाटत असेल, तर वैद्यकशास्त्र काय म्हणते तेही त्यांच्या कानावर घाला. लांबलेल्या दुःखाला विकार म्हणण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात किमान सहा महिने जावे लागतात, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या त्याच वर्षीच्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी किमान एक वर्ष. केवळ इतका काळ उलटला म्हणून तो विकार ठरत नाही, तर दैनंदिन जगणे अडावे इतकी तीव्रता त्यात असावी लागते. त्या दोन्ही मापांत तुमच्या सहकारी बसत नाहीत.

रजेच्या कायद्यांकडूनही या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून अठरा वर्षांखालील अपत्य गेल्यास आईवडिलांना दोन आठवड्यांची रजा मिळते; कॅनडात केंद्रीय कामगार कायद्याखालच्या उद्योगांत जवळचा नातेवाईक गेल्यास दहा दिवस; न्यूझीलंडने २०२१ मध्ये गर्भ आपोआप पडल्यासही तीन दिवसांची सवेतन रजा देऊ केली; अमेरिकेत खासगी नोकरदारांसाठी तसा देशव्यापी कायदाच नाही. हे दिवस निरोपाच्या धावपळीसाठी दिलेले असतात. खरी कसोटी ते संपल्यानंतर, लोकांचे येणे-जाणे थांबल्यावर लागते, आणि तेव्हा नियमपुस्तकात विभागप्रमुखासाठी एक ओळही नसते.

आता मावशीकडे वळते. तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही कुरकूर म्हणून नोंदवले आहे. 'मी दुसऱ्या दिवशी जागेवर होतो' हे वाक्य पुन्हा वाचा. त्यात फुशारकी आहे असे वरवर वाटते, पण मला त्यात एक जुना सल ऐकू येतो. ती मावशी त्याची कोण होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्याला तिने वाढवले असेल, शिकवले असेल, किंवा आईपेक्षा तीच जवळची असेल. दुखवट्याच्या रजेच्या यादीत बहुधा आई, वडील, पती, पत्नी आणि मुले असतात. मावशी क्वचितच असते, जिवलग मित्र नसतो, लग्नावाचून सोबत राहिलेला जोडीदार बऱ्याच ठिकाणी नसतो. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिले. मराठीत त्याला 'मान्यता न मिळालेले दुःख' म्हणता येईल. ज्याचे दुःख कुणी मोजलेच नाही, त्याला दुसऱ्याच्या दुःखासाठी जादा काम करणे जड जाते, यात त्याचा स्वभाव वाईट आहे असे मुळीच नाही. बाईंना जास्त मिळते आहे, यापेक्षा मला काहीच मिळाले नव्हते, हे त्याला सांगायचे असावे.

म्हणून माझा सल्ला असा की त्याच्याशीही बोला, आणि त्याला समज देण्यासाठी नको. "तुझी मावशी गेली तेव्हा मी तुला काही विचारलं नाही. ते राहूनच गेलं," एवढे म्हणून थांबा. पुढचे तो बोलेल, किंवा बोलणार नाही. मग मनुष्यबळ विभागाकडे नात्यांची ती यादी बदलण्याचा प्रस्ताव पाठवा: कोण जवळचे, हे कर्मचाऱ्याने ठरवावे आणि त्याचा पुरावा मागू नये. याचा गैरवापर होईल असे तिथून उत्तर येईल. थोडा होईलही, दर महिन्याला एक मावशी मारणारा कर्मचारी तुम्हाला एरवीही ठाऊक असतोच.

उरलेल्या कुरकुरीतला न्याय्य भाग मात्र झटकू नका. आठ जणांनी पाच महिने किती जादा काम केले, ते कुठे लिहिलेले आहे का? सद्भावनेवर चालणारी व्यवस्था दीड-दोन महिने टिकते. नंतर ज्यांची सद्भावना गृहीत धरली जाते त्यांचा राग दुःखी माणसावर निघतो. कोणते काम कुणाकडे गेले, किती काळासाठी, आणि त्याच्या बदल्यात कुणाचे कोणते काम पुढे ढकलले किंवा कुणाला बदली सुट्टी दिली, हे कागदावर आणा. मुदत सहा आठवड्यांची ठेवा आणि ती संपताना पुन्हा बसा. बाईंच्या खासगी गोष्टींतले काय संघाला सांगायचे ते त्यांनाच विचारून ठरवा.

कामगिरीच्या आढाव्यात दया म्हणून खोटा शेरा देऊ नका, कारण त्यांना तो वाचताक्षणी कळेल. वर्षातले आधीचे सात महिने त्यांच्या कामाने भरलेले आहेत; ते वेगळे काढून त्यांचे पूर्ण श्रेय द्या, आणि नंतरच्या पाच महिन्यांसाठी त्यांच्या संमतीने परिस्थितीची नोंद करा. त्या मूल्यमापनाचा पगारवाढीवर परिणाम होणार असेल तर ते आधी तोंडी सांगा. ठरलेली व्यवस्था दोन-तीनदा आखूनही काम झेपत नसेल, तर कमी तास, दुसरी जबाबदारी किंवा आणखी रजा हे पर्याय त्यांच्यापुढे मांडता येतील, पण ती वेळ आज आलेली नाही.

राहिली ती मुख्य गोष्ट, म्हणजे त्यांच्याशी बोलणे. सांत्वनाचे शब्द शोधत बसू नका. 'देवाची इच्छा', 'काळ हेच औषध', 'तुम्ही किती खंबीर आहात' ही तीन वाक्ये तर टाळाच. खंबीर म्हटलेल्या माणसाला मग ढासळण्याची सोय राहत नाही. तुमच्या जागी मी असते तर साधारण असे म्हटले असते: "तुम्ही परत आल्यापासून मी तुमच्याशी नीट बोललो नाही. काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून टाळत राहिलो, ते चुकलं. लेखापरीक्षणातून तुमचं नावही न विचारता काढलं. तुम्हाला ते काम हवं आहे का? सगळं, थोडं, की यंदा नको?" मग थांबा. शांतता पसरली तर ती भरून काढायची घाई करू नका. पतींचा उल्लेख 'ते प्रकरण', 'ती घटना' असा न करता, त्यांना नावाने ओळखत असाल तर नावानेच करा.

'काही लागलं तर सांगा' हे वाक्यही बाजूला ठेवा. ते म्हणणाऱ्याला हलके वाटते, पण काय लागेल ते शोधायचे, मागायचे आणि मागितल्याचा संकोच बाळगायचा, ही तिन्ही कामे ते ऐकणाऱ्यावर टाकते. त्याऐवजी हो किंवा नाही एवढेच म्हणावे लागेल असे नेमके काहीतरी पुढे करा. महिनाअखेरचा ताळमेळ सकाळच्या वेळी ठेवू का? पुरवठादारांचे फोन काही दिवस दुसऱ्याकडे वळवू का? बैठकीतून उठून जावेसे वाटले तर कुणाला कारण सांगायची गरज नाही, असे ठरवू का? उत्तर बदलण्याची मुभाही द्या, कारण या आठवड्यात जे हवेसे वाटते ते पुढच्या आठवड्यात नकोसे होऊ शकते. म्हणून हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही; दर दोन आठवड्यांनी, दहा मिनिटांसाठी का होईना, तो पुन्हा विचारायचा असतो.

एक बारीक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक कार्यालयात राहून जाते. कर्मचाऱ्यांच्या संगणकीय नोंदीत 'आणीबाणीच्या प्रसंगी संपर्क' असा एक रकाना असतो. त्यांच्या नोंदीत तिथे अजून पतींचेच नाव आणि क्रमांक असण्याची दाट शक्यता आहे. आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी 'आपल्यावर अवलंबून असलेल्यांची माहिती बरोबर असल्याची खात्री करा' असा आपोआप निघणारा संदेश त्यांना येईल, आणि त्यांना एकटीने बसून ते नाव खोडावे लागेल. मनुष्यबळ विभागातल्या कुणीतरी आधी त्यांना विचारून, त्या म्हणतील तेव्हा आणि त्या म्हणतील तसे, हे बदल स्वतः करून द्यावेत. पाच पायऱ्यांच्या तक्त्यापेक्षा त्या विभागाचे हे काम जास्त मोलाचे ठरेल.

काळजीची खूण कोणती, हेही सांगायला हवे. जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, वस्तूंची निरवानिरव करू लागणे, दारूचा आधार घेणे, किंवा स्वतःकडे पूर्ण दुर्लक्ष होणे, असे काही दिसले तर तर्क करत बसू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. बहुतेकदा सांगण्याची वाट मोकळी होते. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नका आणि जवळच्या नातेवाइकाला व डॉक्टरला त्याच वेळी गाठा. याहून पुढचे उपचार हे तुमचे काम नव्हे, आणि ते अंगावर घेऊही नका.

हे वाचणाऱ्यांत विभागप्रमुख नसलेले पुष्कळ जण असतील. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही बरेच करता येते: जेवायला पूर्वीसारखे बोलावत राहणे आणि नकार आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणे, एवढेही पुरते. आणि जे स्वतः दुःखातून परतले आहेत, त्यांनी वरिष्ठाने विचारण्याची वाट पाहिलीच पाहिजे असे नाही. काय झेपेल, काय नको आणि कुणी काय विचारू नये, हे चार ओळींत लिहून दिले तर रोज नव्याने बोलावे लागत नाही.

तुमच्या भेटीची वेळ सकाळची ठेवा. आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी हे बोलणे काढलेत तर त्या ते घेऊन दोन दिवस घरी एकट्या बसतील. खोली काचेची नसावी, आणि पुढचा तासभर तुम्ही दुसरी बैठक ठेवू नये. निघताना स्मृतिदिनाच्या त्या आठवड्याविषयी बोला. त्या दिवशी त्यांना कुठे असावेसे वाटेल, हे सात महिने आधी त्यांनाही सांगता येणार नाही. त्या दिवसाची रजा मंजूर धरलेली आहे, यायचे की नाही ते त्यांनी त्याच सकाळी ठरवावे, आणि न येण्यासाठी फोन करण्याचीही गरज नाही, एवढे त्यांना आजच सांगून ठेवा. त्या दिवसापुरते त्यांचे लेखापरीक्षणातले काम कोण पाहील, ते नाव त्यांनाच सुचवू द्या.